बोनस, मदत आणि मजुरी : अमेरिकेतील माजी सैनिकांची संवर्धन-शिबिरे (१९३३-१९४२)

१

मंदीच्या काळातील अमेरिकेचा इतिहास सांगणाऱ्या ग्रंथांत 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' या संस्थेला ठराविक जागा दिलेली असते. नागरी संवर्धन दल असा तिचा मराठी पर्याय करता येईल. या दलाचे नाव निघाले की डोळ्यांपुढे येतात ती अठरा ते पंचवीस या वयाची अविवाहित बेकार मुले, त्यांनी लावलेली रोपे, खोदलेल्या वाटा आणि दरमहा घरी जाणारे पंचवीस डॉलर. हे चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. याच दलात पहिल्या महायुद्धात लढलेल्या, आणि काही थोड्या प्रमाणात १८९८ च्या स्पॅनिश-अमेरिकन युद्धात लढलेल्या, माजी सैनिकांच्या स्वतंत्र कंपन्या होत्या. त्यांची शिबिरे वेगळी होती, भरती वेगळ्या खात्यामार्फत होत असे, आणि १९३३ ते १९४२ या नऊ वर्षांत दोन लाखांहून अधिक माजी सैनिक या शिबिरांतून राहून गेले.

या माणसांना मुलांच्या बरोबर मोजून चालत नाही. मुलांचा राष्ट्रावर कोणताही जुना हक्क नव्हता; त्यांना काम मिळाले ही निखळ मदत होती. माजी सैनिक मात्र शिबिरात येण्यापूर्वी एक मागणी घेऊन राजधानीत आले होते आणि ती मागणी कामाची नव्हती. त्यांच्या मते सरकार त्यांचे देणे लागत होते. मराठीत 'देणे' या एकाच धातूपासून ऋणाचा अर्थ असलेले 'देणे' आणि दानाचा अर्थ असलेली 'देणगी' असे दोन्ही शब्द निघाले आहेत. अमेरिकेतील १९२४ ते १९३६ या बारा वर्षांचा वाद नेमका या दोन शब्दांमधील अंतराचा होता. शिबिरांचा इतिहास त्या वादापासून तोडून लिहिला, तर तो केवळ झाडे व धरणे यांची जंत्री होऊन बसतो.

२

१९१७ साली अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा साध्या सैनिकाचे मूळ वेतन दरमहा ३० डॉलर ठरले; समुद्रापार गेलेल्याला थोडे अधिक मिळे. त्याच काळात मायदेशी कारखान्यांत व जहाजबांधणीत राहिलेल्या कामगारांच्या मजुरीने उच्चांक गाठला होता. परतलेल्या सैनिकाने ही दोन उत्पन्ने शेजारी ठेवून पाहिली आणि त्यातून भरपाईची कल्पना जन्मली. काँग्रेसने मे १९२४ मध्ये अध्यक्ष कूलिज यांचा नकाराधिकार डावलून जो कायदा संमत केला त्याचे नावच 'समायोजित भरपाई' असे होते. मायदेशातील सेवेच्या प्रत्येक दिवसास १ डॉलर आणि परदेशातील सेवेच्या दिवसास १.२५ डॉलर असा हिशेब झाला. मात्र पन्नास डॉलरांपर्यंतची रक्कम सोडली तर बाकी कोणालाही रोख पैसा मिळाला नाही. हाती पडले ते एक प्रमाणपत्र, आणि त्याची मुदत १९४५ साली संपणार होती. मुदतीपूर्वी पूर्ण रक्कम हाती येण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे धारकाचा मृत्यू. 'थडग्यावरचा बोनस' हे कडवट नाव सैनिकांनी त्याला त्यावरूनच दिले.

येथे शब्दाकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. कायद्यात 'बोनस' हा शब्द नाही. तो वृत्तपत्रांनी व विरोधकांनी रूढ केला, आणि सैनिकांच्या संघटनांना तो मनापासून आवडत नसे. भरपाई ही देय असते, बोनस हा वर ओतलेला असतो. एकदा लोकांच्या तोंडी 'बोनस' बसला की मागणाऱ्याला आपण याचक नाही हे पुन्हापुन्हा सिद्ध करावे लागते. हाच शब्द त्याच वर्षी मुंबईतही वादग्रस्त झाला होता, हा योगायोग मराठी वाचकास लक्षणीय वाटेल. युद्धकाळापासून मिळत आलेला वार्षिक बोनस गिरणीमालकांनी बंद केल्यामुळे १९२४ च्या आरंभी गिरणीकामगारांनी मोठा संप केला, आणि मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कामगारांचा त्यावर अंमलात आणता येण्याजोगा कोणताही हक्क सिद्ध होत नाही असा निर्णय दिला. वॉशिंग्टन व मुंबई यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण शब्दाने दोन्हीकडे एकच काम केले.

मंदीत प्रमाणपत्राची १९४५ ही तारीख असह्य झाली. १९३१ साली काँग्रेसने प्रमाणपत्राच्या निम्म्या रकमेपर्यंत कर्ज देण्याची सोय केली, पण ती पुरली नाही. मे १९३२ मध्ये ऑरेगॉन राज्यातील पोर्टलँडहून वॉल्टर वॉटर्स याच्या नेतृत्वाखाली एक जथा निघाला आणि पाहता पाहता हजारो माजी सैनिक, कित्येक बायकामुलांसह, राजधानीत जमले. स्वतःला ते 'बोनस एक्स्पिडिशनरी फोर्स' म्हणवीत. फ्रान्समध्ये लढलेल्या अमेरिकन सैन्याचे अधिकृत नाव त्यांनी जाणूनबुजून वळवून घेतले होते. प्रतिनिधिगृहाने १५ जूनला त्यांच्या बाजूचे विधेयक संमत केले, सिनेटने १७ जूनला ६२ विरुद्ध १८ मतांनी ते फेटाळले. २८ जुलै रोजी पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक मृत्यू पावले आणि त्याच दिवशी जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी घोडदळ, रणगाडे व अश्रुधूर यांच्या साहाय्याने त्यांना हुसकावून लावले. अ‍ॅनाकॉस्टिया नदीकाठची त्यांची वस्ती रात्री आगीत भस्मसात झाली. जे सैन्य त्यांच्यावर चालून आले, ते त्यांचे स्वतःचेच जुने सैन्य होते.

३

मार्च १९३३ मध्ये फ्रँक्लिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले. बोनसच्या प्रश्नावर ते हूव्हर यांच्याहून उदार होते अशी समजूत आढळते. ती निराधार आहे. त्यांच्या सरकारने २० मार्चला संमत करून घेतलेल्या काटकसरीच्या कायद्याने माजी सैनिकांच्या निवृत्तिवेतनांना मोठी कात्री लावली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिकागो येथे माजी सैनिकांच्या अधिवेशनात बोलताना, गणवेश अंगावर चढविला होता एवढ्यावरून कोणी लाभधारकांचा वेगळा वर्ग ठरत नाही, अशा आशयाची भूमिका त्यांनी निःसंदिग्धपणे मांडली. म्हणजे तत्त्वतः दोन्ही अध्यक्ष एकाच बाजूला होते. फरक होता तो व्यवहारातील कौशल्याचा.

मे १९३३ मध्ये दुसरा, आकाराने लहान मोर्चा आला. या वेळी सरकारने त्यांना व्हर्जिनियातील फोर्ट हंट येथे तंबू, अन्न व वैद्यकीय मदत दिली. १६ मे रोजी एलिनॉर रूझवेल्ट लुई हाऊ यांच्यासह तेथे गेल्या, चिखलातून हिंडल्या, जेवणघरात थांबल्या आणि युद्धकाळची गाणी सैनिकांबरोबर गायल्या. हूव्हरने सैन्य पाठविले आणि रूझवेल्टने पत्नी पाठविली, अशा अर्थाचे एका सैनिकाचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य तेव्हापासून प्रत्येक ग्रंथात येते. वाक्य चटकदार आहे, म्हणूनच ते सावधपणे वाचले पाहिजे. भेटीच्या पाच दिवस आधी, ११ मे रोजी, अध्यक्षांचा आदेश क्रमांक ६१२९ निघाला होता. त्यान्वये सुमारे पंचवीस हजार माजी सैनिकांना वयाची व विवाहाची अट न घालता संवर्धन दलात घेण्याची परवानगी मिळाली. फोर्ट हंटच्या चिखलात प्रत्यक्षात देऊ केले गेले ते हेच : बोनस नव्हे, काम.

कामाचे वेतन होते दरमहा ३० डॉलर. हा आकडा मुलांसाठी ठरला होता आणि माजी सैनिकांना तोच लावण्यात आला; परंतु १९१७ च्या सैनिकाचे मूळ वेतनही तेवढेच होते, हे त्या माणसांच्या ध्यानात आल्यावाचून राहिले असेल असे वाटत नाही. सोळा वर्षांनंतर, चाळिशीच्या वयात, राष्ट्राने त्यांचा भाव तोच ठेवला होता. दिवसाला एक डॉलर या दरावर तंबूंत प्रथम मोठा संताप उसळला. मजूर संघटनांचे नेते विल्यम ग्रीन यांनीही या दरास व सैन्याच्या हाती असलेल्या व्यवस्थेस आधीच हरकत घेतली होती. पण याला दुसरी बाजूही आहे. काटकसरीच्या कायद्यानंतर नियमित सैन्यातील साध्या सैनिकाचे मासिक वेतन १७.८५ डॉलरवर आले होते. शिबिरात निवारा, जेवण, कपडे व औषधपाणी वेगळे मिळत होते. विचार करून सुमारे २,६०० जणांनी नाव नोंदविले. बाकीच्यांना परतीचे भाडे देण्यात आले आणि मोर्चा गोळी न झाडता विरघळला.

४

दलाची रचना मोठी चमत्कारिक होती. भरती मजूर खात्याकडे, कामाचे नियोजन शेती व अंतर्गत व्यवहार या खात्यांकडे, आणि शिबिराचा सर्व कारभार युद्ध खात्याकडे. संचालक रॉबर्ट फेक्नर हे यंत्रकारागिरांच्या संघटनेतून आलेले होते. माजी सैनिकांची निवड तेवढी माजी सैनिक प्रशासनाकडे होती. सुमारे दोनशे माणसांची एक कंपनी, तिच्यावर सैन्यातील किंवा राखीव दलातील अधिकारी, पहाटे बिगूल, बराकी, भोजनगृह, तपासणी. कवायत मात्र नव्हती आणि शस्त्रे नव्हती. दिवसभर कामावर असताना हुकूम चाले तो वनखात्याच्या किंवा उद्यानखात्याच्या देखरेख्यांचा. संध्याकाळी बराकीत परतले की पुन्हा कॅप्टनचा.

इंग्रजीतील 'कँप' हा शब्द लष्करी तळालाही चालतो आणि मुलांच्या सुटीतील वास्तव्यालाही. मराठीत लिहिणाऱ्याला 'छावणी' आणि 'शिबिर' यांपैकी एक निवडावा लागतो, आणि या प्रकरणात दोन्ही शब्द अर्धेच लागू पडतात. मुलांच्या बाबतीत 'शिबिर' शोभते. ज्या माणसाने फ्रान्समधील खंदक पाहिले होते, आणि वर्षभरापूर्वीच्या उन्हाळ्यात ज्याच्या झोपडीवर सैन्य चालून आले होते, त्याने त्याच सैन्याच्या अधिकाऱ्यापुढे पुन्हा सकाळी रांगेत उभे राहणे ही गोष्ट छावणीच्या अधिक जवळची आहे. पण तो आता सैनिकही नव्हता. कागदोपत्री तो 'नोंदणी झालेला' एवढाच होता.

माजी सैनिकांच्या कंपन्यांना क्रमांकापुढे 'व्ही' हे अक्षर लावीत. आर्कन्सॉतील पेटिट जीन पर्वतावरील कंपनी व्ही-१७८१ हे त्याचे ठळक उदाहरण. १९२३ साली स्थापन झालेल्या, राज्यातील पहिल्या उद्यानात या कंपनीने १९३३ पासून पाच वर्षे काम केले. स्थानिक दगड व ओंडके यांतून मॅदर लॉज ही विश्रामवास्तू, दगडी पूल, तळे व वाटा उभ्या केल्या. राष्ट्रीय उद्यान खात्याच्या वास्तुशिल्पींना हवे असलेले ओबडधोबड, डोंगरातूनच उगवल्यासारखे दिसणारे बांधकाम प्रौढ हातांना चांगले साधले.

'व्ही'च्या आधी कधी 'सी' हे दुसरे अक्षर येई. टेक्सासमधील अ‍ॅबिलीन उद्यान बांधणारी कंपनी १८२३ ही 'सीव्ही' होती, म्हणजे कृष्णवर्णीय माजी सैनिकांची. १९३२ च्या अ‍ॅनाकॉस्टियाकाठच्या वस्तीत काळे व गोरे सैनिक शेजारीशेजारी राहत होते. रॉय विल्किन्स यांनी ते पाहून 'द क्रायसिस' या मासिकात त्याचे वर्णन केले होते. सैनिकांनी स्वतः वसविलेल्या वस्तीत जी रेषा पुसट झाली होती, ती सरकारने वसविलेल्या शिबिरांत पुन्हा ठसठशीत झाली, आणि १९३५ साली फेक्नर यांनी पृथक्करण सरसकट लागू केले. दलाच्या कायद्यात वंश, वर्ण वा पंथ यांवरून भेदभाव करू नये असे कलम होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

५

या कंपन्यांचे सर्वांत मोठे काम व्हर्मॉन्टमध्ये झाले. नोव्हेंबर १९२७ मध्ये त्या लहानशा राज्यात महापूर येऊन ८४ माणसे दगावली, त्यांत राज्याचे उपराज्यपाल होते. १,२८५ पूल वाहून गेले. सर्वाधिक हानी विनूस्की नदीच्या खोऱ्यात झाली. हे नाव अबेनाकी भाषेतील असून नदीकाठी उगवणाऱ्या रानकांद्यावरून पडले आहे. राजधानी माँटपीलियर, बॅरी, वॉटरबरी ही गावे याच खोऱ्यात एकापाठोपाठ वसली आहेत. उपनद्या डोंगरातून सरळ खाली येतात, मैदान अरुंद आहे, आणि पाणी पसरण्याला गावाखेरीज जागा नाही.

उपाय अभियंत्यांना ठाऊक होता : उपनद्यांवर मातीची धरणे बांधून पुराचे पाणी काही दिवस अडवून धरायचे आणि मग हळूहळू सोडायचे. अडचण होती ती खर्चाची. १९३३ च्या कायद्याच्या उद्दिष्टांत वणवे व जमिनीची धूप यांबरोबर पूरनिवारणाचाही उल्लेख होता, म्हणून संवर्धन दलाची माणसे धरणावर लावणे शक्य झाले. सैन्याच्या अभियंता विभागाने आराखडे व देखरेख घेतली, आणि मजुरीसाठी आल्या त्या माजी सैनिकांच्या कंपन्या. जेल ब्रँचवरील ईस्ट बॅरी व नॉर्थ ब्रँचवरील राइट्सव्हिल ही दोन धरणे १९३५ साली पूर्ण झाली. त्यानंतर लिटल नदीवर वॉटरबरी धरण सुरू झाले व १९३८ साली संपले. त्याची उंची १८० फुटांहून अधिक आहे. तेथील शिबिराला तत्कालीन राज्यपाल चार्ल्स एम. स्मिथ यांचे नाव दिले होते. ऐंशीहून अधिक इमारती व सुमारे दोन हजार माणसे असलेले ते एक गावच होते. ते वसले त्या दरीतील जुनी शेते ओस पडू लागली होती आणि धरणामागचे पाणी दरीत चढणार होते.

मातीचे धरण बांधणे हे झाड लावण्यासारखे काम नाही. भराव थराथराने घालावा लागतो, प्रत्येक थर ओलाव्याचे प्रमाण सांभाळून दाबावा लागतो, आणि मधल्या गाभ्यात पाणी झिरपू न देणारी माती वापरावी लागते; एका थरातील हलगर्जीपणा वर्षांनंतर गळतीच्या रूपाने दिसतो. व्हर्मॉन्टचा हिवाळा लांब असतो आणि गोठलेली माती दाबता येत नाही, त्यामुळे हंगाम आखूड. अशा कामाला शिस्त व सवय लागते. पंचेचाळिशीतील माजी सैनिकांविषयी जी एक उपरोधाची भाषा तत्कालीन लिखाणात आढळते, म्हातारे, मोडके, दारूकडे झुकलेले, तिला या धरणांनी दिलेले उत्तर पुरेसे आहे. मार्च १९३६ मध्ये न्यू इंग्लंडभर पूर आले, तेव्हा वरची दोन धरणे उभी होती. त्यांनी पाणी धरून ठेवले आणि खालच्या गावांवरील मोठे संकट टळले.

६

सर्वांच्या नशिबी विनूस्की आली नाही. १९३४ च्या अखेरीपासून वॉशिंग्टनमध्ये येत राहिलेल्या माजी सैनिकांना संवर्धन दलाऐवजी आपत्कालीन मदत प्रशासनाच्या दक्षिणेतील शिबिरांत पाठविण्यात येऊ लागले. त्यांतील काही शिबिरे फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाजवळील सखल बेटांवर, महामार्गाच्या पुलांच्या कामासाठी होती. २ सप्टेंबर १९३५ रोजी तेथे जे वादळ आदळले, ते अमेरिकेच्या किनाऱ्यावर आलेल्या सर्वांत तीव्र वादळांपैकी एक होते. माणसांना बाहेर काढण्यासाठी मायामीच्या दिशेने मागविलेली आगगाडी उशिरा निघाली आणि आयलामोराडा येथे समुद्राच्या लाटेने तिचे डबे रुळांवरून उलथवून टाकले. चारशेहून अधिक मृतांपैकी अडीचशेच्या आसपास माजी सैनिक होते. अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी 'न्यू मासेस' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच या सैनिकांचा खून कोणी केला असा प्रश्न होता. चौकशा झाल्या, दैवी आपत्ती हा शब्दप्रयोग अधिकृत अहवालात आला आणि जबाबदारी तेथेच थांबली.

संवर्धन दलाची शिबिरे व ही बेटांवरील शिबिरे एकाच मापाने मोजता येणार नाहीत. पहिल्यात अधिकार कोणाचा हे ठरलेले होते, अभियंते होते, आणि काम संपल्यावर उरणारी वस्तू सर्वांना दिसत होती. दुसऱ्यात माणसांना राजधानीपासून दूर ठेवणे हाच मुख्य हेतू असावा, असा संशय तेव्हाही घेतला गेला आणि आजही तो दूर करणे कठीण आहे. तरीही दोन्हींच्या मुळाशी एकच हिशेब होता : जुने देणे नाकारायचे, आणि त्याच्या जागी नवे काम द्यायचे.

तो हिशेब फार काळ टिकला नाही. मे १९३५ मध्ये रूझवेल्ट यांनी काँग्रेसपुढे स्वतः उभे राहून बोनसच्या विधेयकावरील नकाराधिकाराचा संदेश वाचला आणि तो सिनेटमध्ये थोडक्यात तगला. पण २७ जानेवारी १९३६ रोजी काँग्रेसने त्यांचा पुढचा नकाराधिकार डावलला. त्याच वर्षी १५ जूनपासून पन्नास-पन्नास डॉलरांचे रोखे टपालाने घरोघर पोहोचू लागले. देण्याची तारीख नऊ वर्षांनी अलीकडे आली. शिबिरे त्यामुळे बंद पडली नाहीत. ज्यांना घर नव्हते त्यांना रोखे मिळूनही घर मिळाले नव्हते. १९३७ पर्यंत ज्याचे अधिकृत नाव 'आपत्कालीन संवर्धन कार्य' असे होते, त्या दलाला त्या वर्षीच्या कायद्याने लोकांच्या तोंडचे नाव अधिकृतपणे मिळाले, आणि १९४२ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या महायुद्धात, ते विसर्जित झाले. त्या युद्धातून परतणाऱ्यांसाठी १९४४ साली जो कायदा झाला, त्यात शिक्षण, घरकर्ज व बेकारीभत्ता हे सर्व परतण्यापूर्वीच लिहून ठेवले होते. 'बोनस' हा शब्द त्यात कोठेही नाही.

वॉटरबरीच्या शिबिराच्या जागी आज रान आहे. पाये, धुराडी व काही चौथरे पायवाटेवरून दिसतात. धरणे मात्र आपले काम करीत आहेत. जुलै २०२३ मध्ये विनूस्कीच्या खोऱ्यात पुन्हा महापूर आला. मुख्य नदीचे पाणी माँटपीलियरच्या बाजारपेठेत शिरले, आणि राइट्सव्हिल येथील जलाशय सांडव्याच्या काठापासून सुमारे एका फुटावर येऊन ठेपला. एक दिवसभर राजधानीतील लोक त्या एका फुटाकडे डोळे लावून बसले होते. पाणी सांडव्यावर चढले नाही.